एचपीएमए की पीएलजीए?

पीएचडीला लागलेल्या मैत्रिणीचा प्रश्न: कर्करोगाचं औषध शरीरात वाहून न्यायला यातलं कोणतं पॉलिमर (लांब साखळीचा रेणू) घ्यावं? 'नॅनो'ची जाहिरात बाजूला ठेवून पाहू.

औषध कुठे सुटतं, हे सर्वांत महत्त्वाचं. एचपीएमएच्या साखळीला डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध चार अमिनो आम्लांच्या दुव्याने जोडतात. रक्तात दुवा टिकतो. पेशीत शिरल्यावर कॅथेप्सिन बी हे विकर (एन्झाइम) तो तोडतं. अशाच जोडणीच्या, 1994 मध्ये चाचणी सुरू झालेल्या पीके1 या औषधाचा शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे 320 मिलिग्रॅम डोस रुग्णांना सोसला. नुसतं डॉक्सोरुबिसिन साधारण 60 ते 75 देतात. पीके1 बाजारात आलं नाही, तरी मला हे मोठं यश वाटतं. पीएलजीएत औषध नुसतं कोंडलेलं असतं. सुरुवातीलाच बरंचसं एकदम सुटण्याचा धोका राहतो.

शरीरातून निचरा मात्र पीएलजीएचा चांगला. त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल होतं. एचपीएमएचा कणा तुटत नाही, म्हणून मूत्रपिंडातून जाईल इतका लहान रेणू ठेवावा लागतो.

मेहनत? पीएलजीए तयार मिळतं; एचपीएमएला औषध जोडण्याचं संश्लेषण करावं लागतं.

महिनाभर हळूहळू औषध द्यायचं तर पीएलजीए घे. प्रोस्टेट कर्करोगावरचं ल्युप्रोलाइड या औषधाचं डेपो (हळूहळू औषध सोडणारं) इंजेक्शन त्यावरच उभं आहे. पेशीच्या आतच औषध सोडायचं असेल आणि संश्लेषणाला वेळ असेल, तर एचपीएमए.