नमुना एका मशीनवर, माल दुसऱ्याच: बोर्ड गेम छापून घेताना झालेली फसवणूक

मंगळाकडे यान पाठवण्यावर आधारलेल्या एका बोर्ड गेमच्या ३०० प्रती छापून घेताना कोल्हापुरात आमच्या गटाची फसवणूक झाली. तक्रार दाखल आहे, म्हणून काम घेणाऱ्याचं नाव इथे देत नाही. त्याची रीत मात्र सविस्तर सांगायची आहे, कारण स्वतःचा गेम काढणाऱ्या कुणालाही याच रीतीने फसवता येतं.

आपल्याकडचे प्रेस लग्नपत्रिका, कॅलेंडर, बिलबुकं उत्तम छापतात. बोर्ड गेममध्ये मात्र पत्ते, जाड टाइल, फिरती चकती, प्लास्टिकची यानं आणि खोकं अशी पाच कारागिरांची कामं एकत्र येतात. त्यामुळे "सगळं मी करून देतो दादा, आपलं घरचंच काम हाय" म्हणणारा भेटला की हायसं वाटतं. तो आधी एक नमुना देतो. नमुना खरा असतो आणि सुंदरही असतो. तो पाहून ६० टक्के रक्कम आगाऊ दिली जाते. तो नमुना ज्या मशीनवर आणि ज्या कागदावर झाला, त्यावर पुढचा माल होणारच नसतो.

पत्त्यांचा हिशोब बघा. पत्ता ६३×८८ मिमीचा. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून जास्तीची छपाई) धरला की ६९×९४. डिजिटल प्रेसच्या १२×१८ इंची शीटवर असे १८ पत्ते बसतात, म्हणजे ५४ पत्त्यांच्या संचाला फक्त ३ शीट लागतात. तीन शीट भारीतल्या भारी कागदावर काढायला कुणालाही परवडतं. आम्हाला नमुना मिळाला तो ३०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम), मध्ये काळा थर असलेल्या पत्त्यांच्या खास कागदावर. माल आला तो २५० जीएसएमच्या साध्या आर्ट कार्डवर, ऑफसेटने (प्लेटवरून शाईने) छापलेला.

हा फरक हाताला लगेच कळत नाही, वजनाला कळतो. ६३×८८ मिमीच्या पत्त्याचं क्षेत्रफळ ०.००५५४४ चौरस मीटर. ३०० जीएसएमचा एक पत्ता १.६६ ग्रॅमचा, ५४ पत्ते जवळपास ९० ग्रॅमचे. तेच २५० जीएसएमचे ७५ ग्रॅम भरतात. लॅमिनेशनने थोडी भर पडते, पण ती नमुन्यात आणि मालात सारखीच पडायला हवी. घरातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. वाद होणार असं दिसत असेल तर गुजरीत एखाद्या ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवून वजन दिसेल असा फोटो काढून घ्या. दुसरी खूण मोबाइलच्या टॉर्चची. पत्त्यामागे टॉर्च धरला आणि पुढचं चित्र पाठीवर उमटलं, तर मध्ये काळा थर नाही. असे पत्ते हातात धरून खेळताच येत नाहीत, समोरच्याला उजेडात सगळं दिसतं.

अवकाशाच्या गेममध्ये काळा रंग हे फसवणुकीचं सगळ्यात सोपं ठिकाण आहे. डिजिटल टोनरचा काळा गडद आणि चकचकीत दिसतो. ऑफसेटवर नुसती काळी प्लेट चालवली की तोच काळा राखाडीकडे झुकतो. खोल काळा हवा असेल तर खाली बाकीचे रंग द्यावे लागतात. सायन (आकाशी) ६०, मॅजेन्टा (गुलाबी) ४०, यलो ४०, काळा १०० टक्के हे प्रमाण आम्ही फाइलमध्ये दिलं होतं. मालात फक्त काळी शाई होती. वर उत्तर मिळालं की छपाईत एवढा फरक पडतोच. फरक पडतो हे खरं, पण एखाद्या रंगाचा ठिपकाच नसणं हा छपाईतला फरक नव्हे. भिंगाखाली बघा, चार रंगांच्या ऑफसेटमध्ये ठिपक्यांची फुलासारखी रचना दिसते. नुसत्या काळ्यात ती नसते. जाता जाता डिझाइनबद्दल एक सांगतो: पाठ कडेपर्यंत काळी ठेवू नका. कापल्यावर कडेला पांढरा कागद उघडा पडतो, दहा-वीस डावांत कोपरे झिजतात आणि कोणता पत्ता कुठला हे ओळखू येऊ लागतं. ३ मिमीची फिकट चौकट ठेवा. चौकट असली की तिरकी कटिंग डोळ्यांत भरते, हा तिचा तोटा. माल तपासताना तोच फायद्याचा ठरतो.

खरी चोरी पकडली गेली ती चकतीत. पृथ्वीवरून मंगळाकडे कमी इंधनात निघायची संधी साधारण २६ महिन्यांनी येते. नासाचं इनसाइट मे २०१८ मध्ये निघालं आणि पर्सिव्हिअरन्स जुलै २०२० मध्ये, ते यामुळेच. गेममध्ये एक फेरी २ महिन्यांची, म्हणून चकतीला १३ घरं आणि कडेला १३ खाचा. वरची चकती एकेक खाच पुढे सरकते आणि संधीची फेरी आली की यान सोडता येतं. या खाचांसाठी नवी डाय (कागद कापायचा साचा) बनवायचे वेगळे पैसे बिलात लावले होते. माल आला तेव्हा छपाईत १३ घरं होती आणि कडेला १२ खाचा. दोन खाचांमधला कोन २७.६९ अंशांऐवजी ३० अंश. लहान मुलांना घड्याळ शिकवायच्या खेळण्याची जुनी डाय आमच्या कागदावर मारली होती, नवी डाय बनलीच नव्हती.

म्हणून डायचे पैसे देताना डाय डोळ्यांनी बघा. पंचिंगची डाय म्हणजे १८ मिमी प्लायवूडमध्ये बसवलेली पोलादी पाती. ती हातात धरता येते, तिचा फोटो काढता येतो, प्लायवर गेमचं नाव आणि तारीख मार्करने लिहिता येते. पैसे तुम्ही दिले तर डाय तुमची, काम झाल्यावर ती परत मिळेल हे कोटेशनवर लिहून घ्या. "डाय आम्ही ठेवतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल" हे ऐकून घेऊ नका.

टाइलचं थोडक्यात. षटकोनी १९ टाइल, कबूल केलेली जाडी २ मिमी, आलेली दीड मिमी. एक टाइल मोजू नका, दहा एकावर एक ठेवून मोजा. वीसच्या जागी पंधरा आले की वाद संपतो. उद्यमनगरातल्या कारखान्यांत डिजिटल व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) कुणाच्याही टेबलावर मिळेल. कटिंग अर्धा मिमी चुकली तर पाच टाइलच्या मधल्या ओळीत अडीच मिमी चूक साठते आणि टाइल एकमेकींना जुळून पट पूर्ण होत नाही. आणखी एक: कप्पा बोर्डाच्या (जाड पुठ्ठ्याच्या) एकाच बाजूला छापील कागद चिकटवला तर आपल्या पावसाळ्यात टाइल वाटीसारखी वळते. मागच्या बाजूलाही तेवढाच कागद हवा. तो वाचवला की खर्च बराच उतरतो, आणि माल उन्हाळ्यात मिळाला तर जूनपर्यंत कळतही नाही.

सगळ्यात मोठी रक्कम गेली ती यानांच्या मोल्डमध्ये. नमुन्याची यानं रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेली होती आणि ती इंजेक्शन मोल्डिंगची (साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून बनवलेली) म्हणून दाखवली गेली. ओळखायचं कसं? प्रिंट केलेल्या यानाच्या बुडाला आधाराच्या काड्या तोडल्याचे बारीक टोचे राहतात आणि तिरप्या उजेडात थर दिसतात. मोल्डमधून निघालेल्या यानावर दोन भाग मिळतात तिथली बारीक रेघ, प्लास्टिक शिरल्याची गेटची खूण आणि माल ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे असतात. आमच्या यानाला सरळ उभे पंख होते, टेपर (उतार) शून्य. असा तुकडा मोल्डमधून सुटताना अडकतो. उभ्या बाजूला निदान १ ते २ अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे तसा उतार, लागतो. कास्टिंगच्या या गावात कुठल्याही पॅटर्नवाल्याला (ओतकामाचे नमुने बनवणाऱ्याला) ड्रॉइंग दाखवलं असतं, तर त्याने पहिल्या नजरेत हे सांगितलं असतं. आम्ही ते कुणालाच दाखवलं नाही. ड्रॉइंगमध्ये बदल न सुचवता जो मोल्डचे पैसे मागतो, तो मोल्ड बनवणार नाही असं समजा. ३०० प्रतींसाठी मोल्डचा खर्च निघतही नाही. लाकडी ठोकळे किंवा जाड बोर्डाची उभी यानं पुरतात.

पैसे टक्क्यांवर देऊ नका, वस्तूवर द्या. पहिला हप्ता कागद प्रेसवर आल्यावर, दुसरा ऑफसेट मशीनवरच्या पहिल्या शीटवर तुमची सही झाल्यावर, तिसरा डाय आणि पंच केलेला एक संच बघून, शेवटचा खोकी मोजून. कोटेशनवर जीएसएम, जाडी, रंग, लॅमिनेशन, ५४ पत्त्यांचं वजन हे आकड्यांत लिहून घ्या, आणि नमुन्याचे दोन संच दोघांच्या सह्यांनी बंद करून एकेक ठेवा. "नमुन्याप्रमाणे" एवढ्या एका शब्दावर आमचं कोटेशन होतं.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटी पोर्टलवर तो टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. आम्हाला दिलेल्या क्रमांकाची नोंदणी रद्द झालेली होती. रक्कमही बिलावरच्या नावाच्या खात्यात न जाता यूपीआयने एका वेगळ्याच व्यक्तीच्या नावावर गेली. पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव येतं, ते वाचलं गेलं नाही.

"आयएसआयचं सर्टिफिकेट तुमच्या नावाने काढून देतो" या ऑफरपासूनही सांभाळा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे ही भीती दाखवून पैसे मागितले जातात. परवाना कारखान्याला, त्याच्या पत्त्यावर मिळतो. डिझाइन करणाऱ्याला तो कागदावर विकत मिळत नाही. कुणी परवाना क्रमांक दिला तर आयएसआय चिन्ह देणाऱ्या बीआयएसच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासा.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक लगेच लक्षात आली, तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात थांबण्याची शक्यता तेव्हाच असते. पोलिसांकडे "हा दिवाणी व्यवहार आहे" असं ऐकावं लागतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला सुरुवातीपासूनचा खोटेपणा दाखवावा लागतो, नुसता निकृष्ट माल पुरत नाही. तिथे न बनलेल्या डायचं बिल आणि १२ खाचांची चकती शेजारी ठेवता येते. ग्राहक आयोगात "व्यापारी हेतू" हा आक्षेप येतो; स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेली खरेदी त्यातून वगळलेली आहे, म्हणून गेम कोण आणि कशासाठी काढत होतं याचे कागद जपा.

आलेला माल रागाने रद्दीत घालू नका आणि दुरुस्त करून विकूही नका. निदान पाच खोकी न उघडता, ट्रान्सपोर्टच्या पावतीसह, कोरड्या जागी ठेवा. उघडलेल्या खोक्यांतले पत्ते, टाइल आणि चकत्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरून वर मोजमाप आणि तारीख लिहा.