बर्टनची बॅस की डब्लिनची गिनेस? ब्रुअरीचा लेआउट बांधण्याआधी

घरच्या एका भिंतीलगत मॉडेल मालगाड्यांचा लेआउट, म्हणजे रूळ आणि इमारतींचा छोटा देखावा, करायचा आणि त्यातल्या इमारती विकत न आणता स्वतः कापून-जोडून उभ्या करायच्या, असं ठरलं की ब्रुअरीइतका, म्हणजे बिअरच्या कारखान्याइतका, भरघोस विषय सापडणं कठीण. एकाच आवारात उंच धुराडी, माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) कोठारं, पाण्याच्या टाक्या आणि पिंपांच्या राशी. कोळसा, बार्ली आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आत येतात, भरलेली पिंपं आणि गुरांसाठीचा चोथा बाहेर जातो, रिकामी पिंपं परत येतात. म्हणजे वाघिणी दोन्ही दिशांना कामावरच असतात आणि शंटिंगला कधी निमित्त शोधावं लागत नाही.

नमुना म्हणून दोन ठिकाणं समोर येतात: इंग्लंडमधलं बर्टन-अपॉन-ट्रेंट आणि डब्लिनमधलं सेंट जेम्सेस गेट, म्हणजे गिनेसचं आवार. दोन्हीकडे ब्रुअरीची स्वतःची रेल्वे होती, पण दोन्हींची तऱ्हा इतकी वेगळी की एकीसाठी घेतलेले रूळ आणि इंजिनं दुसरीला फारशी उपयोगी पडत नाहीत. माझा कौल आधीच सांगतो. विटेत जीव रमत असेल तर बर्टन घ्या, इंजिनात रमत असेल तर डब्लिन. पहिलाच लेआउट असेल तर मात्र बर्टनच.

दोन गावं, दोन रेल्वे

बर्टनच्या भूगर्भातल्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यानं फिकट रंगाची, कडवट एल (बिअरचा एक प्रकार) उत्तम जमते. हीच एल एकोणिसाव्या शतकात जहाजांतून मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला यायची. १८३९ मध्ये गावात रेल्वे आली आणि धंदा फोफावला. १७७७ मध्ये सुरू झालेली बॅस कंपनी १८७० च्या दशकाअखेर जगातली सर्वांत मोठी ब्रुअरी झाली होती. बॅसचे स्वतःचे रूळच सुमारे १६ मैलांचे. शिवाय ऑलसॉप, वर्दिंग्टन यांच्या ब्रुअरी होत्याच. हे सगळे रूळ भर गावातून, रस्ते ओलांडत जायचे. फाटकं तीसच्या वर होती. हाय स्ट्रीटवर फाटक लागायचं, घोडागाड्या आणि पुढच्या काळात मोटारी थांबायच्या, आणि लाल रंगाचं छोटं सॅडल-टँक (बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी असलेलं) इंजिन पिंपांच्या वाघिणी घेऊन एका आवारातून निघून समोरच्या आवारात शिरायचं. लेआउटसाठी याहून चांगलं दृश्य मला माहीत नाही. दोन फुटांच्या फळीवरही ते बसतं आणि गाडी दोन इमारतींच्या मधून येऊन दोन इमारतींच्या मधे नाहीशी होते, त्यामुळे रूळ कुठे संपले हा प्रश्न बघणाऱ्याला पडतच नाही.

डब्लिनला सगळं कुंपणाच्या आत. आर्थर गिनेसनं १७५९ मध्ये ही जागा ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली. आवार लिफी नदीकडे उतरत जाणारं, वरची आणि खालची पातळी वेगळी. १८७० च्या दशकात सॅम्युअल गेगन या अभियंत्यानं तिथे १ फूट १० इंचांची नॅरोगेज टाकली. दोन पातळ्या जोडायला त्यानं नागमोडी रस्त्याऐवजी जमिनीखाली गोल फिरणारा बोगदा केला: अडीचहून जास्त वेढे आणि ३९ फुटांत एक फूट चढ. शिवाय किंग्सब्रिज स्टेशनकडे जाणारी आयरिश ब्रॉडगेज, म्हणजे ५ फूट ३ इंच, निराळीच.

गेगनचं इंजिन हे या गोष्टीचं खरं रत्न. त्याचे सिलिंडर बॉयलरच्या वर, आडवे बसवलेले, म्हणजे हलणारे भाग आवारातल्या धुळीपासून आणि चिखलापासून दूर. ब्रॉडगेजवर काम पडलं की हेच इंजिन यारीनं उचलून एका खास वाघिणीत ठेवायचे. इंजिनाची चाकं वाघिणीतल्या रोलरवर टेकायची आणि दातेरी चक्रांमार्फत वाघिणीची चाकं फिरायची. एकच इंजिन दोन गेजवर! या घराण्यातलं १३ क्रमांकाचं इंजिन वेल्समध्ये टाविनच्या नॅरोगेज संग्रहालयात जपलेलं आहे.

गेजचं गणित

निर्णय खरं तर इथेच होतो. मॉडेल रेल्वेची ठरलेली प्रमाणं असतात, त्यांना ओ, ओओ, एचओ, टीटी, एन, झेड अशी नावं. ओओ प्रमाणात एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात, म्हणजे १:७६. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी, भारतात जास्त दिसणाऱ्या एचओचंच. त्यामुळे बर्टनसाठी रूळ आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे पॉइंट) तयार मिळतात. इंजिनही मिळतं. हॉर्नबी या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीचं पेकेट डब्ल्यू-४ हे चार चाकी सॅडल-टँक हुबेहूब बॅसचं नाही, बॅसची बरीच इंजिनं नीलसनची आणि गावातल्याच थॉर्नविल अँड वॉरहॅमची होती. पण आकार आणि काम तेच, आणि ते अगदी हळू चालतं. ब्रुअरीच्या यार्डात इंजिन हळू चालणं हा गुण इतर सगळ्यांच्या वर मानावा. आखूड इंजिन, आखूड वाघिणी, त्यामुळे ३७१ मिमी त्रिज्येचं घट्ट वळणही चालून जातं.

डब्लिनचं १ फूट १० इंच म्हणजे ओओत जेमतेम ७.३ मिमी. या मापाचे तयार रूळ नाहीत. जवळ जाणारे दोन: झेडचे ६.५ आणि एनचे ९ मिमी. ९ मिमी घेतले तर रेल्वे सव्वादोन फुटी होते आणि तिचा ठेंगणेपणाच जातो. ओ प्रमाणात, म्हणजे फुटाला ७ मिमी धरलं, तर गेज १२.८ येतं आणि टीटीचे १२ मिमीचे रूळ शोभून दिसतात. म्हणून गिनेस करायचं तर ओमध्येच करा. पण मग इमारती जवळजवळ दुप्पट होतात: खरी साठ फूट उंच भिंत ओओत २४ सेंटीमीटर, ओमध्ये ४२. ब्रॉडगेज दाखवायची तर ती ३६.८ मिमीची, रूळ हातानं घालायचे. आणि इंजिन स्वतः घडवायची तयारी हवी.

इमारती

जुनी ब्रुअरी उंच का असते हे आधी समजून घ्या, मग भिंती आपोआप बरोबर पडतात. पाणी आणि माल्ट वर चढवायचं आणि पुढचं काम उतारावर सोडायचं: वर माल्ट दळणं, खाली गरम पाण्यात भिजवणं, मग उकळणं, थंड करणं, आंबवणं, आणि तळमजल्यावर पिंपात भरणं. म्हणून थंड करण्याच्या मजल्याला काचेऐवजी झडपा, आणि मालधक्का नेहमी पिंपं भरण्याच्या खोलीला लागून. माल्टची कोठारं याउलट लांबलचक, बुटक्या मजल्यांची, छोट्या खिडक्यांच्या रांगा आणि टोकाला भट्टीचं पिरॅमिडसारखं छप्पर.

हा साचा परत परत येतो आणि तिथेच बर्टन पुढे जातं. एका खिडकीचा साचा नीट बनला की त्याच्या चाळीस प्रती काढा, अख्खं कोठार उभं राहतं. बॅसचा १८६६ चा पाण्याचा मनोरा एकटाच लेआउटचा मानबिंदू होईल. डब्लिनकडे त्याच्या तोडीचं एक आहे: १९०४ मध्ये पुरं झालेलं मार्केट स्ट्रीट स्टोअर, पोलादी सांगाड्यावरचा विटांचा प्रचंड ठोकळा, आजचं गिनेस स्टोअरहाउस. ते भव्य आहे, पण ओमध्ये पूर्ण करायला हॉल रिकामा करावा लागेल. समोरची भिंत आणि पाच-सहा सेंटीमीटर खोली एवढंच करून मागच्या पडद्याला टेकवणं हाच मार्ग.

विटांचं सांगतो, कारण चूक इथेच होते. ओओत एक वीट सांध्यासकट ३ मिमी बाय १ मिमी. तीस बाय वीस सेंटीमीटरच्या भिंतीत वीस हजार विटा. त्या हातानं कोरायच्या नाहीत, उठाव दिलेली प्लास्टिक शीट घ्यायची. फक्त बांधणी बघून घ्या. नुसत्या आडव्या विटांची बांधणी विसाव्या शतकातल्या पोकळ भिंतींची, व्हिक्टोरियन ब्रुअरीला ती विसंगत दिसते. इंग्लिश किंवा फ्लेमिश बांधणीची, म्हणजे विटांच्या लांब आणि आखूड बाजू आलटून-पालटून दिसणारी, शीट मागा. कोपरे ४५ अंशांत घासून जोडा, नाहीतर विटांचे थर कोपऱ्यावर तुटतात. आणि खिडकी भिंतीच्या पृष्ठभागावर चिकटवू नका. अर्ध्या विटेचा खोलगटपणा, म्हणजे दीड मिलिमीटर, दोन थर चिकटवून आणा. एवढ्यानं इमारत खरी वाटू लागते, रंग लागण्याआधीच.

पुठ्ठा की प्लास्टिक, याचं उत्तर आपल्याकडे पावसाळा देतो. कोकणात किंवा मुंबईत पुठ्ठ्याची लांब भिंत जुलैत वाकते. आतून-बाहेरून वॉर्निश मारलंत तर तग धरते, तरी मी स्टायरीनच्या, म्हणजे प्लास्टिक शीटच्या, बाजूचा आहे. त्यालाही आतून आडवे आधार द्या आणि दोन थरांच्या मधे अडकलेलं, प्लास्टिक चिकटवायचं द्रावण बाहेर पडायला आतल्या थराला भोकं पाडा, नाहीतर काही महिन्यांनी भिंत कमान घेते. द्रावण वापरताना खिडकी उघडी हवी.

जागा आणि खर्च

बर्टन आठ फूट बाय दीड फुटात नीट बसतं: एक फाटक, दोन आवारं, चार सांधे. डब्लिनला ओमध्ये तेवढ्यात एकच कोपरा येईल, आणि गोल बोगदा खराखुरा करायचा तर लांबी-रुंदीबरोबर उंचीही लागेल. खर्चात बर्टनचा मोठा भाग परदेशातून येणारं इंजिन आणि रूळ यांचा, डब्लिनचा हत्यारं आणि वेळ यांचा. पिंपं दोघांनाही शेकड्यांनी लागतात. एक मूळ पिंप कोरून सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतणं सगळ्यांत स्वस्त.

काळ आधी पक्का करा. बॅसची रेल्वे १९६७ मध्ये बंद झाली, गिनेसची वाफेची इंजिनं १९६५ मध्ये थांबली आणि नॅरोगेज १९७५ मध्ये संपली. डिझेल हवं असेल तर डब्लिनला आठ वर्षं जास्त मिळतात.

मन डब्लिनवर जडलंय पण जागा नाही, अशांसाठी एक सुचवतो. पूर्ण ब्रुअरीचा हट्ट सोडा. ओमध्ये दोन फुटांची फळी घ्या, मागे कोठाराची एकच भिंत, पुढे नॅरोगेज आणि ब्रॉडगेज शेजारी-शेजारी, मधे ती यारी. गेगनचं इंजिन उचलून वाघिणीत ठेवायचं, तेवढंच काम. दातेरी चक्रं खरोखर फिरवता आली तर तुमच्या लेआउटसमोर गर्दी हटणार नाही.