पडलेल्या झाडाचे मोठे ओंडके: आरामशीनला न्यावेत की सरपण करावं?

मे महिन्याच्या शेवटी, मृगाच्या तोंडावर विदर्भात जी वादळं येतात, ती धुऱ्यावरचं (बांधावरचं) एखादं मोठं कडुनिंब किंवा नाल्याकाठची जुनी बाभूळ आडवी करून जातात. मालकाला वावर पेरणीआधी मोकळं हवं असतं, म्हणून तो म्हणतो, "लाकूड घेऊन जा, पैसे नको." लाकूड फुकट मिळालं तरी ते कापणं, उचलणं, वाहणं, चिरणं आणि वाळवणं यांचा खर्च घेणाऱ्यावरच येतो. त्यामुळे पहिली कुऱ्हाड पडायच्या आत ठरवायला हवं: यातून फळ्या काढायच्या की जळतण?

बहुतेक जण अख्ख्या झाडाचा एकच निर्णय घेतात आणि नुकसान तिथेच होतं. एकाच झाडाच्या बुंध्यात चांगल्या फळ्या असतात आणि वरच्या फांद्यांत चांगलं सरपण. कोणता तुकडा कुठे जायचा, हे एकेक ओंडका पाहूनच ठरवावं.

आधी टेप लावा

आरामशीनवर ओंडका पाव-घेराच्या हिशेबाने मोजतात. मधोमध घेर इंचात घ्यायचा, त्याला ४ ने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करून फुटातल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. घेर ४८ इंच आणि लांबी ८ फूट असेल, तर १२ × १२ × ८ ÷ १४४ म्हणजे ८ घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात साधारण १० घनफूट लाकूड असतं. पाव-घेराची पद्धत सुमारे एक पंचमांश सोडून देते, तीच सालीची आणि बाजूच्या काटछाटीची सूट.

आता हाच ओंडका कडुनिंबाचा आहे असं धरा. ओला असताना त्याचं वजन तीन क्विंटलच्या आसपास भरेल आणि पूर्ण वाळल्यावर दोन क्विंटल उरेल.

चुलीत घातला, तर साध्या मातीच्या चुलीवर लाकडातली जेमतेम १२ ते १५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते. त्या हिशेबाने दोन क्विंटल कोरडं लाकूड आणि १४.२ किलोचं एक गॅस सिलिंडर यांचा स्वयंपाक जवळपास सारखा होतो. चिरला, तर चांगल्या सरळ ओंडक्यातून निम्मं लाकूड फळ्यांच्या रूपात हाती येतं: ५ घनफूट, म्हणजे एक इंची ६० चौरस फूट किंवा सव्वा इंची ४८ चौरस फूट. साडेसहा बाय तीनच्या दाराला साडेएकोणीस चौरस फूट लागतं, म्हणजे दोन दारांची फळी.

एका बाजूला एक सिलिंडर आणि दुसऱ्या बाजूला दोन दारं. एवढ्यावर फळ्यांचं पारडं जड वाटतं, पण त्यात चिराई, वाहतूक, सहा-सात महिन्यांची वाट आणि फळ्या तडकण्याचा धोका धरलेला नाही. वाहतूक, हमाली आणि चिराईचा एकूण खर्च निघणाऱ्या घनफुटांनी भागा. जो आकडा येईल तो तालुक्याच्या ठिकाणी मिळणाऱ्या तयार फळीच्या भावाच्या निम्म्याहून जास्त असेल, तर चिरायला नेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. वाळवताना काही फळ्या हमखास वाया जातात आणि त्यांची भरपाई उरलेल्या निम्म्यातूनच होते. एकट्या ओंडक्यासाठी ट्रॉलीची फेरी तर कधीच परवडत नाही. ट्रॉलीभर माल जमू द्या, नाहीतर शेजारच्या गावातल्या कुणाशी जोडून घ्या.

जातीप्रमाणे निकाल बदलतो

बाभूळ हे जळतणाचं उत्तम लाकूड. जड असतं, निखारा टिकतो आणि किलोला पावणेपाच-पाच हजार किलोकॅलरीपर्यंत उष्णता देतं. पण हेच लाकूड बंडीचे आरे, वखर, डवरा आणि जू यांसाठीही सर्वांत भरवशाचं आहे, आणि त्यासाठी लांब ओंडका लागत नाही. अडीच-तीन फुटांचा, काळसर-तांबूस गाभ्याचा, बिनगाठीचा तुकडा मिळाला की तो आधी गावातल्या वाढयाला (सुताराला) दाखवा. रुंद फळ्यांच्या मागे मात्र लागू नये. बाभळीचं खोड सहसा वाकडं असतं, फळ्या कमी निघतात आणि त्या पीळही घेतात.

कडुनिंबाचा बुंधा चार फुटांहून जास्त घेराचा आणि आतून भरीव असेल तर तो चिरण्यालायक. गाभ्याला कीड कमी लागते, म्हणून कपाट, पेटी, धान्याची कोठी यांना हे लाकूड चांगलं. सरपण म्हणून ते जळतं ठीक, पण रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे फोडणाऱ्याचा घाम काढतं. म्हाताऱ्या कडुनिंबात पोकळी असण्याची शक्यता बरीच असते. कुऱ्हाडीच्या तुंब्याने (मागच्या बोथट बाजूने) खोडावर ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तेवढा भाग सरपणात टाका.

आंब्याचं लाकूड चिरायला सोपं, पण थांबत नाही. साल ठेवून पावसाळी हवेत पडू दिलं तर दोन-तीन आठवड्यांत निळे-काळे डाग आणि भुंग्याची भोकं दिसू लागतात. चिरायचं असेल तर लगेच चिरा. नाहीतर सरळ जळतणात जाऊ द्या. चिंच अतिशय कठीण. तिच्यापासून उत्तम मुसळं, घणाचे दांडे आणि खाटकाचा ठोकळा होतो, पण फळ्यांसाठी आरामशीनवाला पातं बोथट होण्याचं कारण सांगून जास्त दर मागतो, आणि त्याचं म्हणणं खोटं नसतं. सावर आणि सलई हलक्या, भुरुभुरु जळणाऱ्या. चुलीसाठी त्यांच्यावर मजुरी घालू नये. वड-पिंपळ बहुतेक घरांत जाळतच नाहीत.

साग, आंबा, चिंच असेल तर आधी कागद

महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, ऐन, बिजा, हळदू, तिवस, खैर, जांभूळ अशी झाडं आहेत. झाड स्वतःच्या वावरात वादळाने पडलं असलं तरी यांपैकी कुठल्याही जातीला हात लावण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयातून परवानगी व वाहतूक परवाना यांची चौकशी करा. सागाच्या बाबतीत तर कागद हातात आल्याशिवाय ओंडका जागचा हलवूही नये. रस्त्याकडेचं पडलेलं झाड बेवारस नसतं. ते बांधकाम विभागाचं किंवा जिल्हा परिषदेचं असतं, आणि तोंडी "घेऊन जा" चालत नाही. बाभूळ-कडुनिंबाबाबतही त्या वेळचा नियम त्याच कार्यालयात विचारून घ्यावा.

सरपण आणि फळ्या यांत इथे मोठा फरक पडतो. जंगलतोडीसंबंधीच्या गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या आदेशांमुळे नव्या आरागिरण्यांवर कडक निर्बंध आले. त्यामुळे परवान्याच्या मशीन मोजक्या आणि लांब असतात, आणि माल कुठून आला याची नोंद त्यांना ठेवावी लागते. कागद नसलेला ओंडका चांगला आरामशीनवाला घेणारच नाही.

कापताना

मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा तोडला की मातीसकट वर उभा राहिलेला मुळांचा गड्डा अचानक मागे, खड्ड्यात बसतो. त्याच्या मागे किंवा खड्ड्यात कुणीही उभं राहू नये, मुलांना तर त्या बाजूला फिरकूही देऊ नये. आडव्या खोडाचा जो भाग दबलेला आहे तिथे आधी एक तृतीयांश काप घ्या आणि मग ताणलेल्या बाजूने पुरा करा. उलटं केलं तर चेन सॉ अडकते किंवा खोड उभं फाटतं, आणि फाटलेला आठ फूट तुकडा फळ्यांतून बाद होतो.

चिरायचा ओंडका लागणाऱ्या लांबीपेक्षा सहा इंच जास्त ठेवा. टोकं तडकतातच. सात फुटी चौकट हवी असेल तर साडेसात फूट कापा.

आणखी एक धोका म्हणजे लोखंड. धुऱ्यावरच्या झाडात काटेरी तार आणि रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे वर्षानुवर्षं सालीखाली गडप झालेले असतात. बाभळीसारख्या टॅनिनच्या (तुरट द्रव्याच्या) लाकडात लोखंडाभोवती निळा-काळा डाग पसरतो. कापलेल्या टोकावर तसा डाग दिसला की तो ओंडका आरामशीनला नेऊ नका, किंवा आधी सांगून न्या. पातं तुटलं तर भरपाई तुमच्याकडूनच मागतील. जमिनीपासून पाच फुटांपर्यंतचा भाग सर्वांत संशयास्पद आणि नेमका तोच सर्वांत जाड. संशय फिटत नसेल तर तेवढा भाग सरपणात गेलेला बरा.

फळ्यांच्या वाटेवर काय बिघडतं

विदर्भाचा उन्हाळा लाकूड वाळवतो त्याहून जास्त तडकवतो. टोकांतून ओल फार वेगाने उडते, म्हणून कापल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना डांबर, जुना ऑइल पेंट किंवा वितळलेलं मेण जाड थापा. दुसऱ्या दिवशी केस फुटल्यासारख्या चिरा पडलेल्या असतात, मग लेपाचा उपयोग निम्मा राहतो.

चिरताना आरामशीनवाल्याला सांगा की ओंडक्याच्या आधी मधोमध दोन फाळ्या कराव्यात आणि अगदी केंद्रातला एक-दीड इंच वेगळा काढावा. केंद्र ज्या फळीत राहतं ती फळी उभी फाटते. रंधा मारून एक इंच हवी असेल तर सव्वा इंची काढा. बँड सॉचं पातं २-३ मिलिमीटर लाकूड खातं. चेन सॉला चौकट लावून जागेवरच फळ्या काढल्या तर ८-९ मिलिमीटर भुसा होतो, म्हणजे इंची फळ्या काढताना जवळपास चौथाई लाकूड भुशात जातं. वाहतूक अशक्य असेल तरच तो मार्ग.

रचणी सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच, खाली दगड किंवा सिमेंटचे ठोकळे. दोन थरांमध्ये एक इंची चौरस कोरड्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर आणि वरखाली एका रेषेत. पट्टी रेषेतून सरकली की फळी तिथे लाटेसारखी वाकते. वर दगडांचं वजन ठेवा. मार्च ते मे झळईच्या (तापलेल्या वाऱ्याच्या) दिशेला पोती किंवा तुऱ्हाट्याचा तट्ट्या लावा, कारण त्या काळात वेग कमी करणंच महत्त्वाचं असतं. दिवाळीनंतर रचलेली एक इंची फळी मृगापर्यंत सुतारकामाजोगी होते, दोन इंचीला आणखी एक हिवाळा-उन्हाळा द्या. खात्री करायची तर एका लहान फळीवर खूण करून दर पंधरा दिवसांनी वजन करा. लागोपाठ दोनदा वजन घटलं नाही की फळी हवेशी जुळली.

कच्च्या पांढऱ्या लाकडाला घुण लागतो, बाभळीच्या तर हमखास. १० लिटर कोमट पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून ताज्या चिरलेल्या फळ्यांवर दोनदा भरपूर मारा आणि दोन-तीन दिवस प्लास्टिकखाली झाकून ठेवा म्हणजे ते आत शिरतं. पावसात हे धुऊन जातं, त्यामुळे बाहेरच्या कामाला पुरत नाही. बाभळीचे ओंडके तळ्यात काही महिने बुडवून ठेवायची जुनी रीतही खरी कामाची आहे. कच्च्या लाकडातलं पिष्ट निघून जातं आणि घुणाला खायला काही उरत नाही.

सरपणाच्या वाटेवर

इथे कागद, अंतर आणि वाट पाहणं कमी, अंगमेहनत जास्त. बाभूळ ओली असतानाच फोडा, वाळली की घणाखाली दगडासारखी वाजते. चुलीसाठी दीड फुटाचे तुकडे करून मनगटाएवढ्या फाळ्या. जाड तुकड्याच्या मध्यात पाचर मारू नका. कडेकडेने ढलपे काढत आत या आणि आधीच पडलेल्या चिरेवर पाचर बसवा. कडुनिंबाचे गाठाळ तुकडे फोडण्यात दिवस घालवण्यापेक्षा चेन सॉने उभे चिरा, नाहीतर न फोडता वीटभट्टीला द्या. गावच्या स्मशानभूमीसाठीही असे जाड ओंडके उपयोगी पडतात. एका अंत्यविधीला तीन ते साडेतीन क्विंटल लाकूड लागतं आणि पावसाळ्यात कोरडं लाकूड मिळवताना घरच्यांची फार धावपळ होते.

विकायचं असेल तर एक लक्षात घ्या: ओलं लाकूड वजनात जास्त भरतं, पण घेणाऱ्याच्या चुलीत पाणीच उकळतं, धूर होतो आणि काजळी धरते. वाळलेला माल टोकाला चांदणीसारख्या चिरा दाखवतो, साल सुटलेली असते आणि दोन फाळ्या आपटल्या की टणटण वाजतात. ढीग घराच्या भिंतीला लावू नका, उधई (वाळवी) तिथूनच घरात शिरते. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा, आणि पावसाळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवा. विंचू-साप याच ढिगात येतात.

कुठला ओंडका कुठे

चार फुटांहून जास्त घेर, सात-आठ फूट सरळ, भरीव, लोखंडाचा संशय नसलेला, कडुनिंब किंवा कागद मिळालेला आंबा-साग, आणि मशीन पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत: हा आरामशीनचा. बाभळीचे आखूड, गाभ्याचे तुकडे वाढयाचे. तीन फुटांखालचा घेर, फांदीचा वाक, पीळ, पोकळी किंवा डाग असला की सरपण.

जून-जुलैत काळ्या जमिनीतून भरलेली ट्रॉली बाहेर निघत नाही. चाक रुततं आणि ओढताना ओंडका चिखल-खडे घेऊन येतो, ज्याने पातं बोथट होतं. तेव्हा फांद्यांचं सरपण लगेच फोडून न्या आणि चिरायचे ओंडके साल काढून, टोकं लेपून, दोन आडव्या फांद्यांवर जमिनीपासून उचलून झाडाच्या सावलीत ठेवा. आंबा असेल तर पहिल्या पावसाआधीच हलवा, कडुनिंबाचा बुंधा दिवाळीपर्यंत थांबू शकतो.