प्रिन्सेस स्ट्रीटवरचे मायक्रोस्कोप दुरुस्तीवाले काका

स्टिरिओ मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा माणूस मुंबईत कुठे भेटेल, हे मी वर्षभर ओळखीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत विचारत होते. तो सापडला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या, कीटकांवर काम करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

माझा मायक्रोस्कोप जुना, झूमचा, ७ ते ४५ पट मोठं दाखवणारा. गेल्या जूनमध्ये घरी टेबल सरकवताना कलंडला. काच फुटली नाही, पण डाव्या डोळ्याला एक भुंगेरा दिसायचा आणि उजव्याला त्याच्या शेजारी दुसरा. पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागायचं. त्यात आमचं डोंबिवलीतलं घर तळमजल्यावर. ऑगस्ट उजाडेपर्यंत भिंगांच्या आत बुरशीचे धागे पसरलेले, अगदी कोळ्याच्या जाळ्यासारखे. एका विक्रेत्याकडे नेला तर त्याने न उघडताच सांगितलं, वरचा भाग अख्खा बदला, १८ हजार होतील. मी तसाच परत आणला.

दुकानाचा पत्ता असा: मरीन लाइन्सला उतरायचं, प्रिन्सेस स्ट्रीटला लागायचं आणि पारसी डेअरी विचारायची. तिथून जवळच्याच एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर काकांची खोली आहे. पाटी नाही, दारावर खडूने ‘मायक्रोस्कोप, दुर्बीण’ एवढंच लिहिलंय. लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि अंधारा. सात-आठ किलोचं धूड घेऊन चढणार असाल तर सोबत कुणाला तरी न्या.

काकांनी पिशवी सोडायच्या आधी विचारलं, “ताई, तुम्ही यातून बघता काय?”

हा प्रश्न मला आजवर एकाही दुकानात कुणी विचारला नव्हता. मी पर्समधून डबी काढली. आंबोलीच्या जंगलात, पडलेल्या खोडावरच्या अळंबीखाली मिळालेला भुंगेरा त्यात होता, पुठ्ठ्याच्या इवल्या त्रिकोणावर डिंकाने चिकटवलेला. (गोळा करायला वनखात्याची परवानगी होती.) लांबी जेमतेम ६ मिलिमीटर, रंग काळा आणि तकतकीत, पाठीवर चार पिवळसर ठिपके. एंडोमायकिडी कुळातला. या कुळातले बरेचसे भुंगेरे ओलसर जंगलात बुरशीवरच जगतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि तिथला पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्यांच्या खाण्याला तोटा नाही.

ही नवी प्रजाती असावी असं मला आणि माझ्या सहकाऱ्याला वाटतंय. पण ‘वाटतंय’ला या कामात किंमत नाही. ठिपक्यांवर तर मुळीच विसंबता येत नाही, एकाच प्रजातीत ते लहानमोठे होतात. भारतातल्या या कुळाची वर्णनं गिल्बर्ट ॲरो यांनी १९२५ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या एका खंडात एकत्र केली. त्यातली एकेक ओळ समोर ठेवून छातीच्या पाटीचा आकार, तिच्यावरच्या दोन खाचा, स्पर्शिकेच्या टोकाचे तीन जाड मणी, सगळं ताडून बघावं लागतं. शेवटी नराचं जननांग सोडवून, पोटॅशमध्ये स्वच्छ करून, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून त्याचं चित्र काढायचं. दोन डोळ्यांची प्रतिमा एक होत नसेल तर यातलं काहीही जमत नाही.

काकांना मी पाय दाखवला. या कुळात पायाच्या टोकाला तीनच पेरं दिसतात. असतात चार, पण तिसरं इतकं बारीक की दुसऱ्या पेराच्या पसरट खोबणीत दडून बसतं. काकांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “तीनच आहेत.” मी म्हटलं, “चार दिसले की दुरुस्ती झाली असं समजा.”

त्यांनी खरोखर तसंच केलं. शेवटच्या जुळणीला मला समोर बसवून घेतलं. आलेखाच्या कागदावर शाईने फुली मारली, ती खाली ठेवली आणि प्रिझमच्या घरांचे स्क्रू केसभर फिरवत दोन फुल्यांची एक केली. आधी ७ पटींवर, मग ४५ वर, मग परत ७ वर. एका टोकाला जुळवलं की दुसऱ्या टोकाला सुटतं, म्हणून दीड तास हीच ये-जा चालली होती. मग फुलीच्या जागी भुंगेरा ठेवला. काका काही न बोलता बघत राहिले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. दोन पसरट पाळ्यांच्या मधे, बाजरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान, मधाच्या रंगाचं ते तिसरं पेर लख्ख दिसत होतं. डोकं अजिबात दुखलं नाही.

बुरशीही काढून दिली. एका भिंगावर मात्र पुसट डाग राहिलाय. बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्लाय, तो आता जाणार नाही, हे त्यांनी भिंग उजेडात धरून आपणहून दाखवलं. शिवाय बजावलं की पावसाळ्यात मायक्रोस्कोप कापडाखाली ठेवायचा नाही. घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवायचा, आणि निळे खडे गुलाबी झाले की ते तापवून परत निळे करायचे, तेही स्वयंपाकाच्या भांड्यात नाही.

एकूण ३,२०० रुपये घेतले. हाताने लिहिलेली पावती मिळते.

तक्रारीही आहेत. आठ दिवस म्हणाले आणि साडेतीन आठवडे लावले. फोन उचलत नाहीत, त्यामुळे दोन खेपा फुकट गेल्या. कॅमेरा बसवायची रिंग बनवून दिली तीही नीट नाही, फोटोचे चारही कोपरे काळे येतात. मला हे जास्त खटकलं, कारण फोटो आत्ताच हवेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावरून प्रजातीचं वर्णन करतात तो, एकदा तिथे गेला की रोज रात्री जेवणं आटोपल्यावर तो डोळ्यांखाली घेता येणार नाही.

तरीही मी पुन्हा त्यांच्याकडेच जाणार. रविवारी खोली बंद असते, बाकी दिवशी अकराच्या आधी जाऊ नका. माझी रिंग घेऊन येत्या गुरुवारी जातेय. काकांनी सांगितलंय, भुंगेरा पण आणा.