पोलिटिकल कंपास चाचणी : ठिपका मधोमध आला म्हणून लगेच मध्यममार्गी ठरू नका

पोलिटिकल कंपास ही 2001 पासून चालू असलेली फुकट ऑनलाइन चाचणी. नाव, ईमेल काही मागत नाही. 6 पानं, 62 विधानं, आणि प्रत्येकाला चारच उत्तरं : ठाम असहमत, असहमत, सहमत, ठाम सहमत. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय नाही आणि विधान सोडून पुढे जाता येत नाही. शेवटी एक चौकोन आणि त्यात तुमचा ठिपका. आडव्या रेषेवर आर्थिक डावं (सरकारी नियंत्रणाकडे झुकणारं) आणि उजवं (खुल्या बाजाराकडे झुकणारं), उभ्या रेषेवर वर सत्तावादी (कडक शासन हवं असणारे) आणि खाली स्वातंत्र्यवादी (व्यक्तीला मोकळीक हवी असणारे). दोन्हींवर उणे 10 ते अधिक 10. सलग बसलं तर पंधरा-वीस मिनिटांत आटोपते.

एकाच डाव्या-उजव्या रेषेवर सगळ्यांना उभं करण्यापेक्षा हे नक्कीच बरं. खुल्या बाजाराचा समर्थक आणि कडक शासनाचा समर्थक ही दोन वेगळी माणसं आहेत, एवढं तरी ती मान्य करते. पण ‘आपला कुठल्याच पक्षाशी पुरता मेळ बसत नाही’ म्हणून जो ही चाचणी द्यायला बसतो, नेमकं त्याच्याच बाबतीत तिचं घोडं अडतं.

व्यापारात कधीकधी संरक्षण द्यावं लागतं, अशा अर्थाचं एक विधान घ्या. नाशिककडच्या कांदा उत्पादकाला विचारा. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा त्याचं म्हणणं साधं होतं : सरकारने मधे पडू नये. आता तोच प्रश्न लातूरकडच्या सोयाबीनवाल्याला टाका. त्याला बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावर चढं आयातशुल्क हवंय, शिवाय हमीभावाने खरेदीही. एकाच शिवारात दोन्ही पिकं असली, तर एकाच माणसाची एकाच विधानावर दोन उत्तरं, आणि दोन्ही ठाम. चाचणीत मात्र एकच खूण करता येते. अशी चार-पाच विधानं आली की गुण एकमेकांना कापतात आणि ठिपका शून्याजवळ येऊन बसतो. ज्याला कशाचंच सोयरसुतक नाही त्याचाही ठिपका तिथेच येतो. चाचणीला या दोघांतला फरक कळत नाही.

जमीन ही खरेदी-विक्रीची वस्तू नसावी, हे विधान तर आपल्याकडे आणखी गोंधळ घालतं. कूळकायद्याच्या कलम 63 मुळे महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हे बंधन राहावं असं वाटणारा माणूस ‘सहमत’ म्हणेल आणि डावीकडे सरकेल. त्याला समाजवादाशी काही देणंघेणं नसेल, फक्त गावची जमीन शहरातल्या गुंतवणूकदाराच्या घशात जाऊ नये एवढंच हवं असेल.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांना या चौकोनात बसवून पाहा. शेतमालावरचे निर्बंध उठवा ही संघटनेची मागणी, म्हणजे आर्थिक उजवं. मार्ग रास्ता रोकोचा, जो आपण सवयीने डाव्यांच्या खात्यात टाकतो. 9 मार्च 2010 ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झालं; ते विरोधातलं एक मत जोशींचं. आणि हाच माणूस 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवतो, पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावतो. मतदानाची नोंद पाहून ठिपका काढाल तर एकीकडे, सातबारा पाहून काढाल तर दुसरीकडे.

काय विचारलं जात नाही, तेही बघा. वंशावर विधान आहे, जातीवर नाही. सहकारी साखर कारखाना, जो ना सरकारी ना खासगी, त्याला या रेषेवर जागाच नाही. भाषेची अस्मिता नाही. पहिल्या पिढीतले स्थलांतरित देशात पूर्ण मिसळूच शकत नाहीत, असं एक विधान आहे. न्यू जर्सीतला मराठी माणूस स्वतःकडे पाहून ‘ठाम असहमत’ करतो आणि मुंबईतल्या परप्रांतीयांबद्दल बोलताना नेमकं उलट बोलतो. (ज्योतिषावर मात्र विधान आहे. पत्रिका जुळवून लग्न ठरवणाऱ्यांनी तिथे खरं उत्तर द्यावं.)

भरताना चुका होतात त्या बहुतेक वाक्यरचनेमुळे. मराठी आवृत्ती नाही, आणि काही विधानं नकारार्थी आहेत. शाळेत हजेरी सक्तीची नसावी, या विधानाला ‘असहमत’ म्हणजे सक्ती हवी. घाईत इथे हमखास उलटी खूण होते. काही विधानं जोडवाक्यं आहेत : जन्मदेश कोणी निवडत नाही, म्हणून त्याचा अभिमान मूर्खपणाचा. पहिला भाग कोणीही मान्य करील, तेव्हा उत्तर दुसऱ्या भागाला द्यायचं. ‘ठाम’ हा पर्याय कधी वापरायचा, हे आधीच ठरवा. कोणी तो मोकळ्या हाताने वापरतो, कोणी अजिबात नाही, आणि मग मतं तीच असूनही दोघांचे ठिपके लांब पडतात.

कुठल्या विधानाला किती वजन, हे साइट जाहीर करत नाही. हा मोठा दोष. त्यावर उपाय : प्रत्येक उत्तर कागदावर लिहून ठेवा, मग ज्या विधानावर अडखळलात तेवढंच बदलून चाचणी पुन्हा द्या आणि आकडा किती हलला ते पाहा. निकालाच्या पानाच्या पत्त्यातच दोन्ही आकडे असतात, तेही उतरवून घ्या. आकडे हाताने बदलले की ठिपकाही हलतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवर कोणी आपला ठिपका मिरवला तर फार मनावर घेऊ नका. नेत्यांचे ठिपकेही साइटने स्वतःच्या अंदाजाने टाकलेले आहेत. गांधीजी खाली डावीकडे आहेत. दारूबंदीचा आग्रह धरणारा माणूस स्वातंत्र्यवादी कोपऱ्यात कसा, हे त्यांनाच विचारावं.

पर्याय हवा असेल तर 8 व्हॅल्यूज ही ऑनलाइन चाचणी बघा : 70 विधानं, तटस्थ उत्तराची सोय, चार वेगळ्या रेषा. तिचा कोड खुला असल्याने वजनं सगळ्यांना वाचता येतात. पण शेवटी तीही एखाद्या विचारसरणीचं लेबल चिकटवतेच. त्याकडे दुर्लक्ष करून चार टक्केवाऱ्या तेवढ्या वाचा.

सगळ्यात उपयोगी घडण जर्मनीच्या वाल-ओ-माट या ऑनलाइन चाचणीची आहे. 2002 पासून तिथली सरकारी नागरिक-शिक्षण संस्था ती चालवते. निवडणुकीआधी 38 ठोस विधानं, उत्तरं पक्षांनी स्वतः दिलेली, कारणांसकट; महत्त्वाच्या विधानाला दुप्पट वजन देता येतं आणि नको ते सोडून देता येतं. ठिपका नाही, प्रत्येक पक्षाशी किती जुळतं तेवढं कळतं. वर्गात किंवा अभ्यासमंडळात पोलिटिकल कंपास वापरणार असाल तर हीच पद्धत उसनी घ्या : 62 पैकी आपल्याकडे लागू होणारी पंधरा-वीस विधानं निवडा, त्यांत कांदा, जात, सहकार आणि भाषा यांची आपली विधानं घाला, आणि प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीचं कारण लिहून घ्या.