आयपीव्ही४ की आयपीव्ही६: जुनं खरंच जाणार का?

देवगडला आंब्याच्या बागेत कॅमेरा लावला, पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे राउटरमधून कॅमेऱ्यापर्यंत बाहेरून यायची वाट करून दिली, तरी मुंबईहून काही दिसेना, शेवटी राउटरचं पेज उघडून बघितलं तर बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) १००.७२ ने सुरू, म्हणजे सीजीनॅट, कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, जणू अख्ख्या वाडीला मिळून एकच घर नंबर, मग पत्र नेमकं कुठल्या घरात टाकायचं? आयपीव्ही४ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचं दुखणं हेच, ३२ बिट म्हणजे जेमतेम ४२९ कोटी अ‍ॅड्रेस, त्यांचा जागतिक साठा २०११ लाच संपला.

नव्या पद्धतीला, आयपीव्ही६ ला, १२८ बिट, त्यामुळे कॅमेऱ्याला स्वतःचा अ‍ॅड्रेस मिळाला, फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्याला अडवणारा राउटरचा राखणदार) तेवढी एकच वाट उघडली आणि मोबाईल डेटावर थेट मोहोर दिसला हो! फक्त फायरवॉल सरसकट बंद करू नका, नाहीतर घरातलं सगळंच उघड्यावर.

पण जुनं लगेच जाईल असं मला नाही वाटत. दोघं एकमेकांशी थेट बोलतच नाहीत, मध्ये दुभाष्या लागतो, आणि आमचा जुना डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा) तर फक्त व्ही४ च ओळखतो. व्ही६ चं पहिलं स्पेसिफिकेशन १९९५ चं, तरी अजून दोन्ही सोबतच चालवावे लागतायत. नवीन कनेक्शन घेताना मात्र आयपीव्ही६ मिळतं का हे आधी विचाराच, मी तरी त्याशिवाय घेणार नाही.