वडिलांची टपाल तिकिटे ऑनलाइन लिलावात विकताना: दहा महिन्यांचा अनुभव

अण्णा, म्हणजे माझे वडील, भुसावळला आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या, 'एल' विभागात सॉर्टर होते. रेल्वेच्या डब्यात रात्रभर उभं राहून टपाल कप्प्यांत लावायचं आणि सकाळी घरी आलं की तासभर झोप काढून तिकिटांचा अल्बम उघडायचा, असा त्यांचा दिवस असे. ते गेले आणि अकरा अल्बम व पाकिटांची एक ट्रंक माझ्याकडे डोंबिवलीला आली. आमच्या घरात आता तिकिटांचा नाद कुणालाच नाही. भुसावळच्या कोरड्या उन्हाळ्यात चाळीस वर्षं टिकलेला डिंक इथल्या तीन पावसाळ्यांत पिवळे ठिपके धरू लागला, तेव्हा मी ठरवलं की ही तिकिटं जपणाऱ्यांच्या हातात गेलेली बरी.

जानेवारी २०२५ पासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मी १४३ लॉट (एका बोलीला ठेवलेली वस्तू किंवा गठ्ठा) लावले, त्यातले ११८ गेले. थोडे एका लिलावाच्या वेबसाइटवर आणि बरेचसे संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. जुनी मंडळी अजून ईबे इंडियाची आठवण काढतात. ते २०१८ मध्ये बंद झालं, त्यामुळे मला त्याचा अनुभव नाही.

दोन्हींची रीत वेगळी आहे. ग्रुपवर शनिवारी फोटो, वर्णन आणि बेस, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किंमत, टाकायची. बोली रविवारी रात्री साडेनऊपर्यंत. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली चढवली की वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढते. हा नियम मला फार आवडतो, कारण कुणी शेवटच्या सेकंदाला टपकून लॉट उचलू शकत नाही. वेबसाइटवर ज्याने त्याने आपली कमाल रक्कम आधीच टाकून ठेवायची आणि यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. समजा, एकाची तयारी २,००० रुपयांची आहे आणि दुसऱ्याची ९००ची, तर लॉट ९००च्या जरा वर जाऊन थांबतो. हे कळायला मला दोन महिने लागले. किंमत पहिला गिऱ्हाईक ठरवत नाही, दुसरा ठरवतो. म्हणजे आपल्या वस्तूसाठी निदान दोन माणसं हटून बसली पाहिजेत, आणि ती दोन माणसं जिथे आहेत तिथेच ती लावली पाहिजे.

म्हणूनच मी बेस कमी ठेवू लागले. सुरुवातीला माझ्या मनातली किंमत हीच बेस म्हणून टाकायचे आणि लॉट तसाच पडून राहायचा. मग १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतली वापरलेली तिकिटं मनातल्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यावर लावली, आणि ती मनातल्या किमतीच्या वर गेली. एकदा बोली लावली की माणूस त्या लॉटवर डोळा ठेवून असतो, सहज सोडत नाही. पण ज्याला एखाददुसराच गिऱ्हाईक आहे अशा वस्तूला हे करू नका, ती खरंच बेसवर जाते.

वेळही बघा. ९ मार्चच्या रविवारी मी १९४७ ची तीन तिकिटं लावली होती, २१ नोव्हेंबरचं साडेतीन आण्यांचं 'जय हिंद' आणि १५ डिसेंबरची दीड आणा व बारा आण्यांची. त्या रात्री दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना होता आणि साडेनऊला भारताचा पाठलाग शेवटच्या षटकांत होता. ग्रुपवर चिटपाखरू नव्हतं. एकच बोली आली, बेसची. शब्द दिला होता, त्यामुळे तिकिटं दिली, पण ती चुटपुट अजून आहे. आता मी सामने, सणवार आणि महिन्याची अखेर बघूनच लॉट लावते.

या दहा महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती गोष्ट म्हणजे दोष आधी सांगणं. अण्णांच्या अल्बममध्ये १९४८ चा गांधी संच होता, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ही तिकिटं स्वित्झर्लंडला कूरव्हॉझिए छापखान्यात फोटोग्रेव्हुअर पद्धतीने, म्हणजे छाया सावकाश गडद होत जाते अशा छपाईने, छापलेली आहेत, छिद्रांचं माप साडेअकरा, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा छिद्रं. दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला बाजारात फार. मी भिंग आणि छिद्रमापक घेऊन बसले. पहिली तीन तिकिटं भिंगाखाली मऊ दिसत होती, चेहऱ्यावरची छाया सावकाश गडद होत जाणारी. दहा रुपयांचं मात्र सपाट होतं, छाया एकदम तुटलेली, आणि छिद्रं मापकाच्या रेषेवर बसेनात. मुंबईच्या एका जाणत्या संग्राहकांना दाखवलं. त्यांनी एक नजर टाकून नकारार्थी मान हलवली. अण्णांनी ते पगारातले पैसे साठवून घेतलं होतं, आईने त्यावरून केलेली कुरकुर मला आठवते. ते बनावट असल्याचं त्यांना हयातीत कळलं नाही, याचं मला बरं वाटलं.

मी लॉटमध्ये तीनच तिकिटं लावली आणि स्पष्ट लिहिलं, 'चौथं तिकीट बनावट निघालं, म्हणून देत नाही. बारा आण्यांच्या मागे हिंजची खूण आहे, फोटो बघा.' (हिंज म्हणजे तिकीट अल्बमला चिकटवायची कागदी पट्टी.) मला वाटलं होतं, लोक बिचकतील. झालं उलटंच. आधी माझ्या लॉटकडे ढुंकूनही न बघणारे दोघे-तिघे त्या दिवशी बोलीत उतरले, आणि पुढच्या आठवड्यापासून माझे साधे लॉटही वर जाऊ लागले. पडद्यावर बघून पैसे लावणाऱ्याच्या मनात धाकधूक असते आणि ती भीती तो बोलीतून वजा करतो. ती आपण काढली की बोली चढते.

फोटोच्या बाबतीतही तेच. मोबाइलने काढलेले माझे सुरुवातीचे फोटो आज बघवत नाहीत. आता तिकीट चिमट्याने काळ्या कार्डावर ठेवून स्कॅनरवर ६०० डीपीआयला घेते. काळ्यावर तिकिटाच्या कडेचा प्रत्येक दात वेगळा दिसतो, एखादा आखूड असला तर लपत नाही. मिंट, म्हणजे न वापरलेल्या, तिकिटाची मागची बाजू खिडकीच्या तिरप्या उजेडात टिपते, म्हणजे डिंकाची चमक आणि त्यातला पिवळा ठिपका दोन्ही कळतात. एका लॉटला पाच-सात मिनिटं जातात, पण ती घालवाच.

वेगळं काढून विकावं की एकत्र, यावर मी बराच खल केला. १९७३ च्या इंडिपेक्स या तिकीट प्रदर्शनाची मिनिएचर शीट (समासासह छोट्या पानावर छापलेली तिकिटं), आपल्याकडची पहिली, स्वतंत्र लावली. पण ऐंशीच्या दशकापासूनची स्मारक तिकिटं एवढ्या प्रचंड संख्येने छापली गेलीत की ती छापील किमतीलाही कुणी घेत नाही. ती वर्षवार गठ्ठ्यांत काढली.

माझी मोठी चूक ट्रंकेतल्या पाकिटांची. 'जुनी पाकिटे, सुमारे ३००' असं एका ओळीत लिहून मी ती काढून टाकली. घेणाऱ्याने नंतर सांगितलं की त्यातल्या निम्म्याहून जास्त पाकिटांवर आरएमएसचे शिक्के होते, धावत्या गाडीत मारलेले, आणि रेल्वे टपालाच्या शिक्क्यांचे वेगळे संग्राहक असतात. अण्णांनी ती तिकिटांसाठी जपलीच नव्हती, शिक्क्यांसाठी जपली होती. त्यांच्या हातचे शिक्के असतील त्यात. मला विचारायला हवं होतं, निदान प्रत्येक पाकीट उलटून बघायला हवं होतं. त्या गृहस्थांनी मोठ्या मनाने सगळ्या शिक्क्यांचे स्कॅन पाठवले. वाचता येतील तेवढ्या तारखा मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्णनात शिक्क्याचं गाव आणि तारीख असते.

पैशांचं एक सांगते, कारण नवीन माणूस इथेच फसतो. एप्रिलमध्ये एकाने लॉट जिंकल्यावर 'मी लष्करात आहे, ड्युटीवर आहे, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' असा फोन केला. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. दुसऱ्याने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, खात्यात काहीच नव्हतं. मी बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय पाकीट बंद करत नाही. आणि जुन्या नाण्या-नोटांचे लाखो देतो म्हणून आधी कमिशन मागणारे जे आहेत, त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं आहे. बँक असल्या व्यवहारात नसते आणि तिच्या नावाने कमिशन घ्यायचा अधिकार कुणाला दिलेला नाही.

वेबसाइटबद्दल थोडक्यात. तिथे महागड्या वस्तूंना खरोखरच चांगले गिऱ्हाईक मिळाले. पण कमिशन कापून घेतात आणि माझे एका लॉटचे पैसे यायला सात आठवडे लागले, तेही चार मेल केल्यावर. पाचशे रुपयांच्या आतलं काही मी आता तिथे लावत नाही.

पाठवणी मी ऑगस्टपर्यंत रजिस्टरने करत होते. काउंटरवर टपालखर्चाचा छापा न घेता पाकिटावर अण्णांच्याच साठ्यातली स्मारक तिकिटं चिकटवायची. घेणाऱ्याला पाकीटही ठेवणीतलं मिळायचं आणि त्याचं फार कौतुक व्हायचं. १ सप्टेंबरपासून रजिस्टर स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हापासून स्पीड पोस्ट. तिकीट ग्लासीनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात, ते दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, त्यावर पावसाचं प्लास्टिक. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावायची, ग्लासीनला कधीच नाही, उन्हात तिचा गोंद वितळून आत उतरतो. आतापर्यंत एकही पाकीट खराब झाल्याची तक्रार आलेली नाही.

उरलेले पंचवीस लॉट आता परत लावणार आहे, बेस निम्म्यावर आणून. ट्रंकेच्या तळाशी पोस्टकार्डांचा एक जुडगा सापडला आहे. तो अजून लावलेला नाही, शिक्के वाचून व्हायचे आहेत.